नववीच्या मुलांना धडा शिकवायला जेल दाखवून आणावं का?

शाळा_समुपदेशक
आठवी-नववीतली दहा-बारा मुलं मोबाइलचोरी, मारामाऱ्या, गुटखा-व्हाइटनरच्या नादाला लागली आहेत. दोघांचं प्रकरण बाल न्याय मंडळापर्यंत गेलंय. संस्थाचालकांनी अमेरिकेतल्या ‘स्केअर्ड स्ट्रेट’चे व्हिडिओ पाहिले आणि आता या सगळ्यांना जेलमध्ये नेऊन कैद्यांकडून दम द्यायचा, दहा मिनिटं कोठडीत बसवायचं, असं घाटतंय. परवानगीचा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलंय. याचा परिणाम कुणी मोजलाय का? आणि कायद्यात बसतं का?

आकडेबहाद्दर
मोजलाय, आणि उलटा निघालाय. न्यू जर्सीच्या रॉवे तुरुंगात जन्मठेपेच्या कैद्यांनी १९७६ मध्ये हे सुरू केलं. पोरांच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडायचं, आत काय काय होतं ते लैंगिक अत्याचारासकट सांगायचं, आणि दोन-तीन तासांत घरी पाठवायचं. १९७८ च्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं आणि बाकीच्या राज्यांनी री ओढली. दावा होता ८०-९० टक्के यशाचा.

मग रटगर्स विद्यापीठाचे जेम्स फिंकेनॉअर यांनी तुलनेसाठी दुसरा गट घेतला. जेलमध्ये नेलेली ४६ मुलं, न नेलेली ३५. सहा महिन्यांत पहिल्या गटातली १९ गुन्ह्यात सापडली (४१ टक्के), दुसऱ्यातली फक्त ४ (११ टक्के). म्हणजे काहीही न करता ८९ टक्के पोरं सरळ राहिली होती! त्या ८०-९० टक्क्यांत जेलचं कर्तृत्व किती, ते तुम्हीच ठरवा.

या अभ्यासात कुठलं मूल कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं, पण काही संस्थांनी ते वाटप पाळलं नव्हतं, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका. पण अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी १९६७ ते १९९२ मधल्या नऊ चाचण्या तपासल्या. त्यांतल्या सातांचे आकडे एकत्र करता आले, आणि नेलेल्या मुलांची गुन्ह्याची शक्यता वाढलेलीच दिसली: संधी-गुणोत्तर १.६८. साध्या हिशेबात, न नेलेल्या शंभरांतली २० घसरत असतील तर नेलेल्यांतली साधारण ३०.

शाळा_समुपदेशक
भेटीनंतर लगेच फॉर्म भरून घ्यायचा विचार होता. तो बाद का? आणि उलटं होतंच का?

आकडेबहाद्दर
बाद. ‘भीती वाटली, पुन्हा करणार नाही’ असं त्या संध्याकाळी सगळेच लिहितात. सहा महिन्यांनी कोण कुठे आहे ते बघायला हवं, तेही न नेलेल्या मुलांशी ताडून.

कारण चाचण्यांनी सिद्ध केलेलं नाही. अंदाज असे: दमदाटी करणारा कैदीच पोरांना ‘भाई’ वाटतो, ‘मी नाही घाबरलो’ ही फुशारकी सुरू होते, आणि एरवी वेगवेगळ्या वर्गांत असलेली टोळी आपणच एका बसमध्ये बसवतो. मला तिसरं सगळ्यात पटतं.

परिविक्षा_डेस्क
ताई, अर्ज लिहूच नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १० प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त बालकाला (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला) कुठल्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा जेलमध्ये ठेवता येत नाही. ‘दहाच मिनिटं, नाटक म्हणून’ हा बचाव मी तरी मंडळापुढे मांडायला जाणार नाही. कलम ७५ त्याहून जड आहे: ताब्यातल्या मुलाला विनाकारण मानसिक त्रास होईल असं वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. पालकांची सही घेतली म्हणून हे सुटत नाही. फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकले आणि त्यात ती दोन मुलं ओळखू आली, तर कलम ७४ वेगळं लागतं.

त्या दोघांसाठी मंडळाच्या हातात बरंच काही आहे. कलम १८ मध्ये समुपदेशन, सामुदायिक सेवा, पालकांच्या किंवा योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली परिविक्षा (प्रोबेशन), शिवाय शाळेत हजर राहण्याचा किंवा व्यसनमुक्ती उपचारांचा आदेश, हे सगळं बसतं. परिविक्षा अधिकाऱ्याला सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. त्याला आत्ताच भेटा आणि हजेरीचे महिने, घरी कोण असतं, शाळा सुटल्यावर पोरगा कुठे जातो, हे लेखी द्या. शाळेकडून नुसतं ‘वर्तन असमाधानकारक’ आलं तर त्यातून कुणालाच काही करता येत नाही.

पाटी_पेन्सिल
उरलेल्या दहा जणांचा ‘बिघडलेल्यांचा वर्ग’ करू नका. एकेकाला वेगळं धरा. आधी गेल्या तीन महिन्यांची हजेरी काढा. कुठल्या वारी आणि कुठल्या तासाला पोरं गळतात ते दिसेल, बहुतेक वेळा मधल्या सुट्टीनंतर. व्हाइटनरवाल्यांना समुपदेशनाआधी डॉक्टरकडे न्या. संध्याकाळी पाच ते आठ रिकामे असतील तर खेळ किंवा काम लावा, पण त्यांना चांगल्या पोरांच्या संघांत विखरून.

कायद्याची माहिती द्यायचीच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र टाका, शाळेतच शिबिर घेतात. बसवायचं मात्र अख्ख्या नववीला.

शाळा_समुपदेशक
४१ आणि ११ चा आकडा संस्थाचालकांना उद्याच दाखवते. हजेरीपट काढायला घेतलाय.