शाळेच्या पोरांसाठी सोळा हजारांचं स्टेडियम: पटतंय का?

ओहायोकर:
ऑफिसातल्या एकाने गेल्या शुक्रवारी ओढूनच नेलं, म्हणून ओहायोतल्या मॅसिलनच्या शाळेचा फुटबॉल सामना पाहिला. (फुटबॉल म्हणजे इथला, अंडाकृती चेंडू काखोटीला मारून पळायचा.) गाव जेमतेम ३२ हजारांचं आणि पॉल ब्राउन टायगर स्टेडियमात माणसं मावतात सोळा हजारांवर. निम्मं गाव! १९३९ साली बांधलेलं. मंदीत बेकारांच्या हाताला काम मिळावं म्हणून रूझवेल्टने डब्ल्यूपीए योजना काढली, आपल्या रोजगार हमीसारखी, त्यातलं हे काम. गावात मुलगा जन्मला की त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायची जुनी रीत.

माझ्या मागे साठी उलटलेले एक गृहस्थ गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसले होते. प्रत्येक पोराची कुंडली पाठ. "हा चौसष्ट नंबर ना, याचा बापही लाइनमध्येच खेळायचा. गुडघा गेला त्याचा."

माझं मत: अशी मैदानं जपायलाच हवीत. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

लिटमस:
मला नाही पटत. अमेरिकेत दहा लाखांवर मुलं शाळेकडून हा खेळ खेळतात. एनएफएलच्या (इथली मोठी व्यावसायिक लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, वर्षाला निवडले जातात अडीचशेच्या आसपास. टेक्ससमधल्या ॲलनला २०१२ मध्ये शाळेसाठी सहा कोटी डॉलरचं स्टेडियम बांधलं, दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले आणि २०१४ चा अख्खा मोसम ते बंद. तेवढ्या पैशात किती प्रयोगशाळा झाल्या असत्या?

ओहायोकर:
ॲलन कुठे आणि हे कुठे! ते हौसेचं, हे पंच्याऐंशीहून जास्त वर्षं वापरातलं. आणि ड्राफ्टसाठी कोण खेळतंय? आपण गल्लीत क्रिकेट खेळलो ते काय रणजीसाठी?

तांबडापांढरा:
+१. कोल्हापुरात या, मग बोला. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, तेव्हाही कुणीतरी "हे कशाला" म्हणालंच असेल. आमच्याकडं तालमींच्या फुटबॉलला (पायाने खेळायचा, खरा) शाहू स्टेडियम भरतं. गावाला एकत्र बसायला जागा लागते, राव.

जुनी_पानं:
मॅसिलनच्या मैदानाला ज्याचं नाव आहे त्याच्याबद्दल कुणीच लिहीत नाही. पॉल ब्राउन याच शाळेचा विद्यार्थी. १९३२ ते १९४० इथे प्रशिक्षक. ८० विजय, ८ पराभव, २ बरोबरी. पोरांना वर्गात बसवून वह्या भरायला लावायचा, सामन्यांच्या फिल्म दाखवायचा. पुढे क्लीव्हलँड ब्राउन्स हा व्यावसायिक संघ उभा केला, नंतर सिनसिनाटी बेंगल्स.

मॅसिलनचं हाडवैर शेजारच्या कँटनच्या मॅकिन्ली शाळेशी, १८९४ पासूनचं. त्या मॅकिन्लीत मॅरियन मॉटली नावाचा काळा मुलगा खेळायचा, ब्राउनच्या पोरांना चांगलाच नडायचा. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तेव्हा बरीच वर्षं काळ्यांना दार बंद होतं. १९४६ मध्ये ब्राउनने याच मॉटलीला क्लीव्हलँडला घेतलं, बेसबॉलच्या मोठ्या लीगमधली अशीच बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन तिथे यायच्या एक वर्ष आधी. शाळेच्या मैदानावरची ओळख अशीही कामी येते.

लिटमस:
माहिती छान, पण हा एक मोठा माणूस झाला. उरलेल्यांचं काय?

न्यूरोवाली:
सगळे बाकांबद्दल बोलताय, डोक्यांबद्दल कुणीच नाही. बॉस्टन विद्यापीठाचा २०२३ चा अभ्यास आहे, तिशीच्या आत वारलेल्या १५२ खेळाडूंचे मेंदू तपासले. ६३ जणांत सीटीई सापडला, वारंवार डोकं आपटून होतो तो आजार. त्यातले बहुतेक फुटबॉलवाले. माझा मुलगा नववीत आहे, दणकट आहे. शाळेतल्या कोचचा फोन आला होता. मी नाही म्हटलं. घरात आठवडाभर अबोला.

तांबडापांढरा:
ताई, पण ते दान केलेले मेंदू. ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका होती तेच देणार ना? म्हणजे शंभरातल्या एकेचाळिसांना होतो असं नाही म्हणता येत.

न्यूरोवाली:
नाहीच म्हणता येत, संशोधकही तसं म्हणत नाहीत. पण त्यातल्या काहींनी शाळेनंतर चेंडूला हातही लावला नव्हता. मला तेवढं पुरे आहे. स्टेडियम जपा, बँड वाजवा, पळायच्या शर्यती घ्या. टॅकल (अंगावर झेपावून पाडणं) नको.

ओहायोकर:
मग ते मॅसिलन उरणार नाही. २०२३ मध्ये प्लेऑफमधून (बाद फेऱ्या) पहिल्यांदा राज्य अजिंक्यपद मिळालं, तेही कँटनच्या मैदानात, ७-२ असा अजब स्कोअर! सहकारी अजून सांगताना रडवेला होतो.

न्यूरोवाली:
एक विचारू? ते मागे बसलेले गृहस्थ, त्यांच्या घरचं कुणी खेळतं का?

ओहायोकर:
तेव्हा सुचलं नाही. आज सहकाऱ्याला विचारलं. नातू आहे त्याच शाळेत. बँडमध्ये, ट्रॉम्बोन वाजवतो.

लिटमस:
😄 धागा बंद करा आता.

तांबडापांढरा:
बंद कशाला? अजून खासबागेवर कुणी उत्तर दिलेलं नाही.