व्हिसा नाकारला तर फी परत मिळायला हवी का?

वाटसरू:
पाकीट हातात आलं तेव्हा उघडण्याआधी बाहेरूनच चाचपून पाहिलं. पासपोर्ट होता आणि आत घडी घातलेला कागद. तिथेच कळलं. मित्राला व्हिसा मिळाला होता तेव्हा त्याच्या पाकिटात नुसता पासपोर्ट होता.

शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या एका देशाने माझा आणि आईचा पर्यटन व्हिसा नाकारला. कागदावर चौकोनांची उभी रांग, त्यातल्या एकात फुली. मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे, अशा अर्थाचं वाक्य. कसली शंका, कशावरून आली, त्याबद्दल अवाक्षर नाही.

माणशी ९० युरो फी, त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवा आकार, त्यावर ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा. नकाराचा कागद दाखवल्यावर विम्याचे पैसे परत मिळाले. तिकिटं काढली नव्हती हे नशीब. फी मात्र बुडीत खाती. माल दिला नाही तर कुठलाही दुकानदार पैसे ठेवून घेत नाही. माझं म्हणणं एवढंच, निदान अर्धी फी परत द्या.

खडूस:
नाही पटलं. व्हिसा विकत मिळत नाही, तुम्ही अर्ज तपासून घेण्याचे पैसे भरता. परीक्षेत नापास झालं तर परीक्षा फी परत मागतो का कुणी? बोटांचे ठसे घेतले, प्रवेशबंदीच्या यादीत नाव आहे का ते पाहिलं, कागद वाचले, हे काम झालंच ना? आणि ती अर्धी फी येणार कुठून? ज्यांना व्हिसा मिळाला त्यांच्याच खिशातून.

वाटसरू:
परीक्षेत उत्तरपत्रिका बघायला मिळते. फेरतपासणी मागता येते.

खडूस:
शेंगेनमध्ये अपील आहे की. २००९च्या व्हिसा संहितेतच तो हक्क दिलाय. नाकारणाऱ्या देशाच्या कायद्यानुसार करायचं.

वाटसरू:
हो, त्या देशाच्या भाषेत, त्या देशाच्या मुदतीत आणि बहुधा तिथला वकील गाठून. चार दिवस फिरायला जाण्यासाठी कोण एवढा खटाटोप करणार?

निशिगंधा:
तुम्हाला निदान फुली तरी मिळाली. अमेरिकेच्या पर्यटन व्हिसाला १८५ डॉलर भरून मी मुलाखतीला गेले. काचेपलीकडच्या बाईंनी तीन प्रश्न विचारले. आणलेली फाइल उघडायची वेळच आली नाही. हातात छापील चिठ्ठी दिली, कलम २१४(ब). त्या कलमाचा अर्थ असा की तुम्ही कायमचे राहायलाच येताय असं आधी गृहीत धरायचं आणि तसं नाही हे तुम्ही पटवून द्यायचं. अपील नाही. पुन्हा हवं असेल तर पुन्हा पैसे भरा. म्हणजे दोन मिनिटांचे १८५ डॉलर. खडूस, इथे कुठले कागद वाचले हो?

खडूस:
मुलाखतीआधी तुम्ही ऑनलाइन अर्ज भरला होता ना? तो त्यांच्यासमोर पडद्यावर असतो. बरंचसं मत त्यावरच बनतं. फाइल आपल्या समाधानासाठी असते.

जुना कारकून:
मी काही वर्षं अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राच्या खिडकीवर होतो. आधी एक सांगतो. खिडकीवरचा माणूस व्हिसा देत नाही आणि नाकारतही नाही. निर्णय वकिलातीत होतो. आम्ही कागद मोजायचे, क्रमाने लावायचे, ठसे घ्यायचे.

पण कागद डोळ्यांखालून जायचेच. हॉटेलचं बुकिंग असं, की पावती घेतली आणि दुसऱ्या दिवशी रद्द. प्रवासाचा आराखडा नेटवरून उचललेला, तोही इतका जसाच्या तसा, की तिसऱ्या पानावर दुसऱ्याच माणसाचं नाव राहिलेलं. खात्यात वर्षभर खडखडाट आणि अर्जाच्या चार दिवस आधी एकदम मोठी रक्कम. फी परत मिळणार असेल तर 'टाकून तर बघू' म्हणणारे दुप्पट होतील. अपॉइंटमेंट मिळायला आताच मारामार आहे. त्यात भरडले जाणार खरे प्रवासी. म्हणून मी खडूस यांच्या बाजूने.

वाटसरू:
यातलं मी काहीही केलं नव्हतं.

(जरा वेळाने) खरं सांगायचं तर आईच्या खात्यात अर्जाआधी मी पैसे टाकले होते. प्रवासखर्चाचेच. मुलाने आईच्या खात्यात पैसे टाकणं हा काय गुन्हा आहे?

जुना कारकून:
गुन्हा मुळीच नाही. पण सोबत चार ओळींचं पत्र जोडलं होतं का, की आईचा सगळा खर्च मी करतोय, ही रक्कम माझ्या खात्यातून गेली, हा माझ्या खात्याचा उतारा? नसेल तर वाचणाऱ्याला नुसती रक्कम दिसते. कागदाला तोंड नसतं, साहेब. त्याच्या वतीने आपणच बोलावं लागतं.

मैत्रेयी:
म्हणजे कारण हे असू शकतं, हे त्यांना इथे, तुमच्याकडून कळतंय. ९० युरो ज्यांनी घेतले त्यांच्याकडून नाही! मला फीचं काही वाटत नाही, ठेवा खुशाल. पण कारण लिहा. ठरावीक वाक्यासमोरच्या फुलीला मी कारण म्हणत नाही. 'खात्यात अमुक तारखेला आलेल्या रकमेचा खुलासा नाही', एवढं लिहायला किती वेळ लागतो? युरोपियन युनियनच्या न्यायालयानेही २०२० मध्ये सांगितलंय की दुसऱ्या सदस्य देशाच्या हरकतीमुळे व्हिसा नाकारला असेल, तर त्या देशाचं नाव आणि हरकतीचं नेमकं कारण अर्जदाराला कळवलं पाहिजे. मग साध्या नकाराला एक ओळ जड का व्हावी?

खडूस:
कारण लिहिलं की लोक तेवढंच भोक बुजवून परत येतात. शंका पूर्ण माणसाबद्दल असते, एका कागदाबद्दल नसते.

मैत्रेयी:
मग बुजवू द्या की! पैशांचा खुलासा नसेल तर माणूस खुलासा आणेल. खोटा आणला तर पुन्हा नाकारा. आणि शंका पूर्ण माणसाबद्दल असेल तर तीन महिन्यांचे बँकेचे उतारे मागताच कशाला?

जुना कारकून:
हे मात्र बिनतोड. आमच्या खिडकीवर रडणारे बहुतेक जण पैशांसाठी रडत नसत. 'माझं काय चुकलं ते तरी सांगा' म्हणत. आणि ते आम्हालाही ठाऊक नसायचं. पाकीट बंदच यायचं.

प्रवासी पक्षी:
मध्येच विचारतो. एका शेंगेन देशाने नाकारलं, तर दुसऱ्या देशाकडे अर्ज करताना ते सांगायलाच हवं का?

निशिगंधा:
लपवून उपयोग नाही. शेंगेन देशांची व्हिसा माहिती यंत्रणा सामाईक आहे, नकार तिथे दिसतो. आणि मुळात जिथे सर्वात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, मर्जीने देश बदलता येत नाही. ब्रिटन आणि अमेरिकेच्या अर्जांतही आधीच्या नकाराबद्दल थेट प्रश्न असतो. ब्रिटनमध्ये खोटेपणा उघड झाला तर १० वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं. नकार लिहा आणि तेव्हापासून काय बदललं तेही लिहा. मी दुसऱ्यांदा तसंच केलं आणि मिळाला.

वाटसरू:
अपिलाच्या भानगडीत पडत नाही. नव्याने अर्ज करतोय. पत्र लिहून झालंय, माझ्या खात्याचा उतारा जोडलाय, नकाराचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात. १५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, पण ते ४५ पर्यंत ताणू शकतात, म्हणून या वेळी हाताशी वेळ ठेवलाय. माणशी ९० युरो पुन्हा भरले. आणि खडूस, अर्धी फी परत मिळायला हवी या मतावर मी अजून ठाम आहे.

खडूस:
राहा. पण आईंना विचारलंत का, अजून जायचंय का त्यांना?

वाटसरू:
विचारलं. ती फुली मी तिला वाचून दाखवली होती, तेव्हापासून धुसफुसतेय. म्हणाली, "त्या माणसाला लिही, की आठ दिवस झाडांना पाणी कोण घालणार हे अजून ठरलेलं नाही आणि तो म्हणतोय मी तिकडेच राहीन."

जुना कारकून:
हे पत्रात घाला.