मदत हवी आहे: गायी वाढवाव्यात का? सोमवारच्या आत सांगा

वाळवेकर: गोठ्यात ५ एचएफ (होल्स्टीन, विदेशी दुधाळ जात) गायी आहेत. दूध डेअरीला जातं, महिनाअखेरीला हातात काही राहत नाही. बँक आणखी ३ गायींना कर्ज देतेय, सोमवारी सह्या आहेत. ८ झाल्यावर परवडेल ना?

माणदेशी: दादा, दूध किती, फॅट किती, चारा कुठला? काहीच लिहिलं नाही.

कडेगावची_सून: किसान क्रेडिट कार्ड काढा. २०१८-१९ पासून पशुपालनालाही मिळतं, वेळेत फेडलं तर व्याज ४ टक्के पडतं.

माणदेशी: ताई, ते पेंड-औषधाच्या खर्चाला. गाय घ्यायचं कर्ज वेगळं.

खिलारप्रेमी: एचएफ विका, खिलार बांधा. उन्हातान्हात टिकते, आजार कमी.

माणदेशी: खिलार कामाचं जनावर. दुधावर हप्ता कसा फिटणार? माझ्या दारातही एक जोडी आहे, जीव आहे त्यांच्यावर. पण ह्यांनी विचारलंय काय!

वाळवेकर: ३ गायींचं मिळून ३२ लिटर, फॅट ३.४. दोघी आटल्यात. चारा घरचाच, उसाचं वाढं (हिरवे शेंडे).

गोठा_कराड: आटलेल्या गाभण आहेत का?

वाळवेकर: नाही. एक तीनदा भरवली (रेतन केलं), तिन्ही वेळा उलटली, गाभण राहिली नाही. दुसरी माजच दाखवत नाही.

गोठा_कराड: मग तोटा इथं आहे. एक माज हुकला की २१ दिवस फुकट खायला घालायचं. नुसत्या वाढ्यात प्रथिनं कमी, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अंगी लागू देत नाही. मका, लसूणघास, खनिज मिश्रण सुरू करा. फॅटही ३.५ च्या खाली, म्हणजे दरात कपात. मी गोठ्याच्या दारावर खडूनं माजाच्या तारखा लिहितो. पहाटे शेण काढताना सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला की संध्याकाळी भरवतो. वर्ष-सव्वा वर्षात वासरू मिळालं तरच गाय परवडते.

कडेगावची_सून: खरंय. आम्ही २ च्या ६ केल्या. त्यातल्या दोन भाकड राहिल्या, गिऱ्हाईक फिरकलं नाही. हप्ते माझ्या शिलाईतून गेले.

वाळवेकर: उलटणारीचा गेल्या वेताला वार (व्यायल्यावर पडणारी झार) अडकला होता. गावातल्या एकानं ओढून काढला. त्याचं काही असेल का?

गोठा_कराड: अहो, हे आधी सांगायचं! गर्भपिशवीत पू असू शकतो. डॉक्टरांकडून तपासल्याशिवाय आता भरवू नका. आणि सोमवारी सही नको.