मदत हवी आहे: डायनासोरच्या दाताभोवतीच्या दगडात बुडबुडे दिसतायत

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हीच उलट दहा प्रश्न विचाराल, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

मोठ्या मांसाहारी डायनासोरांचे दात जमवायचं खूळ डोक्यात शिरून वर्ष झालं. आत्तापर्यंत तीन दात जमलेत. पहिले दोन स्पायनोसॉरसचे, मोरोक्कोतल्या केम केम थरांमधले. शंकूसारखे, जवळजवळ सरळ, अंगावर उभ्या रेघा, धारेला दाते अजिबात नाहीत. मासे धरणाऱ्या जनावराचे दात असतात तसे. एकाचं टोक झिजलंय, दुसरा मधोमध तडकलाय, मूळ दोघांनाही नाही. त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.

घोळ तिसऱ्याचा आहे. साडेदहा सेंटिमीटर लांब, मुळासकट, तांबूस वाळूच्या दगडात अर्धा रुतलेला. सोबतच्या चिठ्ठीवर 'कार्कॅरोडोन्टोसॉरस सहारिकस, केम केम'. फोटो बघूनच पाघळले होते. घरी आल्यावर आठवडाभर नुसती बघत बसले. मग दहापटीचं भिंग आणलं आणि सगळा आनंद आटला.

टोकापासून साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत दात देखणा आहे. चपटा, सुरीच्या पात्यासारखा, धारेवर एकसारखे बारीक दाते आणि धारेलगत एनॅमलला सुरकुत्या. त्याखाली केसाएवढी आडवी रेघ आहे. रेघेच्या वर ५ मिलिमीटरमध्ये ९ दाते मोजले, रेघेच्या खाली तेवढ्याच अंतरात १४. टाचणी टेकवून तीनदा मोजले. धारसुद्धा त्या जागी अगदी किंचित सरकल्यासारखी वाटते. हा खालचा भाग दोनेक सेंटिमीटरचा आहे, मग मूळ सुरू होतं.

आणि दगड! वाळूचे कण चाळून घेतल्यासारखे एकाच मापाचे, आणि त्यांच्यामध्ये गोल गोल बुडबुडे. वाळूच्या दगडात बुडबुडे कुठून येणार?

काल धीर करून कापसाच्या काडीने दगडाच्या कोपऱ्याला एसिटोन लावलं. कापूस विटकरी झाला, कोपरा चिकट झाला. घाबरून थांबले.

तर हा दात खोटा आहे, जोडलेला आहे की नुसता दुरुस्त केलेला, हे दाताला इजा न करता कसं ओळखू? आणि पुढे कधी टी-रेक्सचा दात घ्यायचा झाला तर काय पाहायचं? तिसऱ्यांदा विचार करते तेव्हा वाटतं की छंदच बदलावा, पण ते मनावर घेऊ नका.

प्रतिसाद १

ताई, दगड तर नक्कीच बनवलेला आहे. वाळूचा खरा दगड एसिटोनमध्ये विरघळत नाही. डिंकात वाळू कालवून थापली की असे बुडबुडे अडकतात. पण दगड खोटा म्हणजे दात खोटा असं नाही. पुष्कळदा खऱ्याच दाताला भाव यावा म्हणून हा शृंगार करतात.

मला तुमच्या वर्णनात पहिली शंका आली ती 'मुळासकट' या शब्दावर. या प्राण्यांचे दात जन्मभर पडायचे आणि नवे यायचे. मादागास्करच्या मजुंगासॉरसमध्ये एका जागेवरचा दात साधारण ५६ दिवसांत बदलायचा, अ‍ॅलोसॉरसला १०० च्या आसपास दिवस लागायचे, असं दातांच्या आतल्या रोजच्या वाढरेषा मोजून काढलंय. खालून नवा दात वर येताना जुन्याचं मूळ शरीरात विरून जातं आणि उरलेला शेंडा गळून पडतो. म्हणून सुटे सापडणारे बहुतेक दात बिनमुळाचे असतात, तळाशी वाटीसारखी खोलगट जागा असते. तुमचे दोन स्पायनोसॉरस तसेच आहेत. ते 'अपूर्ण' नाहीत, ते तसेच गळाले. मूळ शाबूत असेल तर तो दात जबड्यात असतानाच जनावर मेलेलं असतं, आणि असे दात फार थोडे.

केम केमला माणसं डोंगराच्या कडेत हाताने बिळं खणून हा माल काढतात. काढताना दात तुटतातच. त्याच दाताचे तुकडे परत चिकटवले तर ती दुरुस्ती, आणि सांगून केली असेल तर त्यात काही वावगं नाही. मधली खपली भरून रंगवली तर ती भर. दोन वेगळ्या दातांचे तुकडे जुळवून एक केला तर मात्र जोडकाम. तुमचं प्रकरण तिसरं दिसतंय. फक्त एक सावधगिरी: दाते मोजून लगेच निकाल देऊ नका. एकाच दाताच्या धारेवर टोकाकडे आणि तळाकडे दाते बारीक होत जातात. हळूहळू ९ चे १४ झाले तर ते नैसर्गिक असू शकतं. बरोबर रेघेवरच उडी मारली असेल तर ते काम माणसाचं.

आता करायचं ते असं. अंधाऱ्या खोलीत यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा, टॉर्च मारा. बरेचसे डिंक आणि भराव निळसर पांढरे चमकतात, दात आणि खरा दगड वेगळे दिसतात. न चमकणारे डिंकही असतात, त्यामुळे चमक नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. एसिटोन दाताला लावू नका. जीवाश्म ठिसूळ असेल तर तो मजबूत करायला पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य पाजतात, संग्रहालयांतही हेच वापरतात, आणि तेही एसिटोनमध्येच विरघळतं. म्हणजे दातावरून चिकट काही निघालं तर बनावट सापडली असं नव्हे, कदाचित तुम्ही दाताचा आधारच काढून घेतलात. तापलेली सुई टोचून वास घ्यायचा सल्लाही कुणीतरी देईलच. एसिटोनची बाटली जवळ उघडी असताना तो उद्योग नको, भडका उडेल.

प्रतिसाद २

फोटोत दिसणाऱ्या दगडाला मी कधीच भाव देत नाही. दात 'दगडात बसवलेला' दिसला की पुढे सरकतो.

प्रतिसाद ३

वरच्यांनी जोडकामाचं सांगितलंच आहे, मी चिठ्ठीबद्दल बोलतो. 'सहारिकस' हे नाव पाहून हसू आलं. हा प्राणीच मुळात दातांवरून ओळखला गेला. अल्जीरियात मिळालेल्या दातांवरून १९२५ मध्ये त्याला मेगॅलोसॉरस सहारिकस म्हटलं. पुढे इजिप्तमधल्या हाडांवरून श्ट्रोमर या जर्मन जीवाश्मतज्ज्ञाने १९३१ मध्ये कार्कॅरोडोन्टोसॉरस ही वेगळी प्रजाती केली, आणि ती हाडं १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात म्युनिकला नष्ट झाली. केम केमची कवटी मिळाली १९९५ मध्ये. अशा इतिहासाच्या प्राण्याचं जातीपर्यंतचं नाव एका सुट्या दाताला लावणं म्हणजे विकणाऱ्याची हौस. 'त्या कुळातला दात' एवढंच लिहा. १८५६ मध्ये लायडी या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञाने माँटानातल्या सुट्या दातांवरून ट्रूडॉन आणि डायनोडॉन अशी डायनासोरांची नावं ठेवली, त्यांचा गुंता अजून पुरता सुटलेला नाही.

टी-रेक्सचं म्हणाल तर त्याचा दात पात्यासारखा नसतो, जाड असतो. अगदी पुढच्या दातांचा काप इंग्रजी 'डी'सारखा. जे विक्रीला येतं ते अमेरिकेतल्या हेल क्रीक थरांतल्या खाजगी जमिनींवरचं असायला हवं. तिथल्या संघराज्य सरकारच्या जमिनीवरून पृष्ठवंशीयांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाहीत, २००९ पासून त्याला स्वतंत्र कायदा आहे. म्हणून जमिनीच्या मालकाचा कागद मागा. आणि कुणी टार्बोसॉरसचा, म्हणजे टी-रेक्सच्या आशियातल्या भाऊबंदाचा, दात दाखवला तर हात लावू नका. तो मंगोलियाचा, तिथून बाहेर नेणं बेकायदा. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला एक अख्खा सांगाडा लिलावात गेला आणि अमेरिकेने तो जप्त करून पुढच्याच वर्षी मंगोलियाला परत केला. सांगाड्याचं हे, दाताला कोण सोडतंय?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल रात्री दिवे घालवून टॉर्च मारला. दात काळपट राहिला आणि ती केसाएवढी रेघ निळी पेटली, अगदी आखल्यासारखी. मुळाच्या सांध्याभोवती तर करंगळीएवढा रुंद पट्टा. दगड अख्खाच फिकट चमकत होता. रेघेच्या वर आणि खाली परत मोजले, उडी बरोबर रेघेवरच आहे.

आता हे सुटं करावं का? की आहे तसं ठेवू?

प्रतिसाद १

माझ्याकडे असतं तर सुटं केलं असतं. पण घाई नको. खिडक्या उघड्या, हातमोजे, जवळपास ज्योत नाही. कापसाने एसिटोन थोडं थोडं, आधी फक्त दगडाला. दाताला पाण्यात बुडवू नका, भेगांत माती असेल तर ती फुगून दात उकलतो. व्हिनेगर वगैरेही नको, आम्ल दातालाच खातं. आणि मूळची चिठ्ठी फेकू नका, चुकीची असली तरी. तिच्या मागे तारीख घालून तुम्हाला काय आढळलं ते लिहा.

धागाकर्ती

नऊ दिवस लागले. दगडाचा नुसता लगदा निघाला. शेवटी रेघ आपोआप सुटली आणि हातात तीन तुकडे आले. वरचा ५ सेंटिमीटरचा शेंडा खरा आणि सुंदर आहे. तुटलेली बाजू स्वच्छ केल्यावर आतली पोकळी दिसते, भिंत चांगली जाड. मधला तुकडाही खराच दात, पण दुसऱ्या कुणाचा तरी: भिंत पातळ, आणि कडा घासून वरच्याला बसवलेली. घासल्याचे समांतर ओरखडे भिंगातून स्वच्छ दिसतात. मेहनत मानली पाहिजे.

तिसऱ्या तुकड्याचं मात्र कळत नाही. ज्याला मी मूळ समजत होते तो आतून स्पंजासारखा जाळीदार आहे. दाताच्या मुळात अशी जाळी असते का?

प्रतिसाद १

नसते. मुळात मधोमध एक पोकळी आणि भोवती घट्ट दंतिन, म्हणजे दात ज्याचा बनतो ते कठीण द्रव्य. जाळी आहे म्हणजे ते हाड, दाताच्या मापाला घासून आणलेलं. कुणाचं ते एवढ्याशा तुकड्यावरून कुणी सांगणार नाही. वेगळ्या डबीत ठेवा आणि चिठ्ठीवर फक्त 'हाड, केम केमचं म्हणून मिळालं' असं लिहा.