‘त्याला जास्त का?’ सारखी वाटणी आणि न्याय्य वाटणी: तुमचे अनुभव सांगा

परवा घरात आंब्यावरून रणकंदन झालं. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी पाच. दोघांना एकेक आंबा दिला. थोरल्याने आणखी मागितला म्हणून दुसरा दिला, तर ‘दादाला दोन, मला एक’ म्हणत धाकटीने भोकाड पसरलं. तिचा पहिलाच अर्धा ताटात होता! पंक्तिप्रपंच करू नये हे मला आजीने शिकवलं, आणि ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे वाढावं हेही तिनेच. कुंपणाआडून सामना बघणारी तीन मुलं आणि उंचीप्रमाणे कमी-जास्त वाटलेली खोकी, ते प्रसिद्ध चित्रही दाखवून झालं. धाकटी म्हणाली, ‘त्यांनी तिकीट का नाही काढलं?’ तुम्ही कसं समजावलंत? फसलेले प्रयोगही लिहा.

*

आमची शाळा एसटीत भरली. आजी पंचाहत्तरीच्या पुढची, तिला २०२२ पासून प्रवास मोफत. बायकोला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. मुलगा आठ वर्षांचा, त्यालाही अर्धं. पूर्ण फक्त माझं. चिरंजीवांनी हिशेब मांडला, ‘सीट सगळ्यांना एकसारखीच, मग बाबालाच दंड का?’ मी म्हटलं, आजीला पेन्शन नाही. कितीतरी बायकांच्या हातात स्वतःचे पैसे नसतात, तिकीट स्वस्त झालं की त्यांना कामाला, दवाखान्यात जाता येतं. ‘पण आईचा पगार तुझ्यापेक्षा जास्त आहे.’ कंडक्टर फिस्सकन हसला. प्रत्येकीचा पगार विचारत बसले तर गाडी कधी सुटणार, म्हणून सरसकट नियम, असं काहीतरी मी बोललो. त्याला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलेलं नाही. उतरेपर्यंत तो शेजारच्या काकांना ‘तुमचं तिकीट किती आणि का’ विचारत होता.

*

एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. केकला चालतं. मोबाइलच्या वेळेला नाही चालत.

*

मुलाला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचन-लेखन त्याला जड जातं. दहावीला प्रमाणपत्र असलं की तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. धाकटी भडकली, ‘मलाही वेळ पुरत नाही!’ तिला डाव्या हाताने एक पान शुद्धलेखन लिहायला लावलं. अर्ध्या पानातच वही मिटली. तिचा प्रश्न तिथे संपला, पण मुलगाच अडून बसला. मित्र ‘तुझं बरंय बाबा’ म्हणतात, मला नको तो वेळ. याची काहीच तयारी माझ्याकडे नव्हती. शेवटी घरी गणिताचे दोन पेपर सोडवून घेतले, एक जादा वेळ न देता, एक देऊन. पहिल्यात शेवटची गणितं त्याला येत होती, तो तिथवर पोचलाच नव्हता. मग मुकाट्याने अर्जावर सही केली.

*

मी कोल्हापूरची, शिक्षिका. वर्गात शाहू महाराजांची गोष्ट सांगते. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या. विरोध करणाऱ्या सांगलीच्या एका वकिलांना त्यांनी म्हणे पागेत नेलं आणि तोबरे (घोड्याच्या तोंडाला बांधायच्या खाण्याच्या पिशव्या) काढून सगळी चंदी, म्हणजे घोड्यांचा दाणा, एकत्र ओतायला लावली. दांडगी घोडी तुटून पडली, शिंगरं आणि अशक्त घोडी मागेच राहिली. ‘मग दांडग्यांना उपाशी ठेवायचं का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. नाही रे, ज्याचा त्याचा तोबरा वेगळा बांधायचा.

*

‘गरजेप्रमाणे’ या शब्दाची मला धास्ती वाटते. लहानपणी दुधावरची साय भावाला, कारण तो वाढत्या वयाचा. मी त्याच्याहून दीड वर्षाने धाकटी. मी काय आटत होते? पुढे इंजिनिअरिंगची फी त्याची, कारण त्याला घर चालवायचंय. ‘तू समजूतदार आहेस.’ आता माझ्या घरात एखाद्याला जास्त दिलं, तर कारण दोन्ही मुलांसमोर सांगायचं. सांगताना जीभ अडखळली तर द्यायचं नाही. गेल्या महिन्यात दोनदा अडखळली.

*

आंबेवाली पुन्हा. वरचा नियम वाचून थोरल्याला आणि धाकटीला समोरासमोर बसवलं, आंब्याचं कारण सांगितलं. धाकटीला पटलं. थोरला म्हणाला, ‘मग रोज हिचं दप्तर मीच का उचलायचं?’ दप्तराचं कारण शोधतेय.