साउंड सिस्टिमसाठी शील्ड असलेली पॉवर कॉर्ड घरी बनवावी का?

लातूरकर श्रोता

ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेयर आहे आणि ज्यांच्या सगळ्या वायरी एकाच कपाटामागे गुंतलेल्या आहेत, त्यांनी शील्ड असलेली, म्हणजे आतल्या वायरींभोवती धातूची जाळी असलेली, पॉवर कॉर्ड स्वतः बनवावी, असे माझे मत आहे. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम ४-५ मिलिव्होल्टचा असतो आणि त्याच्या शेजारूनच २३० व्होल्टची वायर जात असते. विलंबित आलापात गायक क्षणभर थांबला की तानपुऱ्याच्या खालून येणारे, या विजेच्या वायरीचे हमिंग, म्हणजे सततची घुमघुम, मला ऐकू येई आणि लागलेली तंद्री मोडत असे.

मी वाळूजहून, कंट्रोल पॅनलमध्ये वापरतात ती तीन कोअरची, १.५ चौरस मिलिमीटरची, ११०० व्होल्टला चालणारी, तांब्याची जाळी असलेली केबल आणली. जाळीला पीळ देऊन ती तीन पिनच्या प्लगमध्ये हिरव्या-पिवळ्या वायरसोबत अर्थच्या स्क्रूखाली घेतली. अँप्लिफायरकडच्या टोकाला मात्र ती जोडली नाही. बाहेरच्या आवरणाच्या आतच कापून तिच्यावर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, चढवली, कारण तिथे जाळीचा केसाएवढा एक तंतू जरी सुटून फेजला टेकला तरी शॉर्ट झालाच म्हणून समजा. हमिंग पूर्ण गेले नाही, पण रात्री त्याच आवाजावर रेकॉर्ड ऐकताना आता ते लक्ष वेधून घेत नाही.

नांदेडहून, पुराव्याचा आग्रही

आपली मेहनत मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. डीपीपासून घरापर्यंत वीज शेकडो मीटर उघड्या तारांवरून येते, त्यामुळे शेवटच्या दीड मीटरला जाळी घातल्याने ती शुद्ध होत नाही. जाड कॉर्डने आवाज भरदार होतो असेही काही जण सांगतात, पण १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १३ ओहम असतो, म्हणजे जाऊन-येऊन ३ मीटरला ०.०४ ओहम, अँप्लिफायरने २ अँपिअर घेतले तरी ०.०८ व्होल्ट एवढीच घट होते. गल्लीतल्या बोअरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज याच्या कितीतरी पट खाली येते.

शिवाय तांब्याची जाळी विद्युत क्षेत्र अडवते, ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र जवळजवळ अडवतच नाही. त्यावर पॉवर कॉर्ड सिग्नलच्या वायरीपासून फूटभर लांब ठेवणे आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. आणि जाळी ज्या अर्थला जोडायची, त्याची स्थिती काय आहे? आपल्या काळ्या मातीला वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थच्या खड्ड्याभोवतीची ओल निघून जाते आणि रोध वाढतो.

लातूरकर श्रोता

चुंबकीय क्षेत्राचा आपला मुद्दा बरोबर आहे आणि जाळीने वीज शुद्ध होते असे मी म्हटलेलेही नाही. माझी कॉर्ड बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून नाही, तर तिच्यातून बाहेर पडणारे विद्युत क्षेत्र शेजारच्या फोनो केबलपर्यंत, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरच्या सिग्नलच्या वायरीपर्यंत, जाऊ नये म्हणून आहे. इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरमधून वायरीत शिरणाऱ्या उच्च वारंवारतेच्या खरखरीवर तर जाळी चांगलीच उपयोगी पडते. अर्थच्या खड्ड्याबद्दल मात्र थोडी गल्लत होते आहे. जाळी आणि अँप्लिफायरची चेसिस, म्हणजे त्याची धातूची पेटी, दोन्ही एकाच अर्थवर असतात, त्यामुळे जाळीच्या कामात खड्ड्याच्या रोधाने फारसे बिघडत नाही. तो रोध महत्त्वाचा आहे तो जिवाच्या सुरक्षेसाठी, आणि म्हणून उन्हाळ्यात मी दर आठवड्याला खड्ड्यात पाणी घालतो.

माझ्या खोलीत फूटभर अंतर ठेवायला जागा नाही, अनेकांच्या नसते.

परभणीहून, वायरमन

आपण दोघेही आवाजाबद्दल बोलत आहात. मला काळजी वेगळीच आहे. लोक असे वाचून घरी केबल सोलायला बसतात आणि सुट्या तारा नीट राहाव्यात म्हणून टोकावर कथील लावून स्क्रूखाली दाबतात. दाबाखाली कथील हळूहळू बसत जाते, स्क्रू सैल पडतो, जोड तापतो आणि काही महिन्यांनी प्लग काळा पडलेला दिसतो. असे प्लग मी स्वतः काढले आहेत. टोकाला क्रिम्प केलेली, म्हणजे दाबून बसवलेली, फेरूल (धातूची छोटी नळी) घालावी, केबलचा ताण स्क्रूवर न येता क्लॅम्पवर यावा आणि सॉकेटला लावण्यापूर्वी फेज, न्यूट्रल व अर्थ यांची कंटिन्युइटी, म्हणजे त्या वायरी कुठे तुटलेल्या नाहीत ना हे, शिवाय फेजपासून जाळीपर्यंतचे इन्सुलेशन तपासावे. ज्यांच्याकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) नाही किंवा तो वापरणारे कोणी नाही, त्यांनी आयएसआय चिन्हाची तयार मोल्डेड कॉर्डच वापरावी, असेच मी सांगेन.

कित्येक जुन्या बोर्डांत अर्थचे भोक असते, मागे वायर नसते. अशा घरात जाळी आणि चेसिस दोन्ही अधांतरी राहतात आणि अँप्लिफायरच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. तिथे आधी अर्थची वायर ओढून घ्यावी लागते. कॉर्डचा विचार त्यानंतर. हमिंग थांबवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये.

नांदेडहून, पुराव्याचा आग्रही

वायरमन साहेबांचे म्हणणे मी पूर्णपणे मानतो. लातूरकरांना एकच विनंती आहे. सेट टॉप बॉक्स अँप्लिफायरला जोडलेला असेल, तर त्याच्या मागची डिशची केबल एकदा काढून पाहा. उरलेले हमिंग तेवढ्याने थांबले, तर दोष दोन अर्थांमध्ये तयार झालेल्या लूपचा, म्हणजे विजेच्या बंद वाटेचा, आहे आणि कोणतीही कॉर्ड तो दूर करणार नाही. त्यानंतर वायरी जागच्या न हलवता घरातल्या कोणाकडून तरी आपल्याला न सांगता जुनी आणि नवी कॉर्ड दहा वेळा बदलून घ्या आणि प्रत्येक वेळी आपला अंदाज लिहून ठेवा. दहापैकी नऊ अंदाज बरोबर आले, तर मी माझे म्हणणे इथेच मागे घेईन.

लातूरकर श्रोता

डिशची केबल आत्ताच काढून पाहिली. हमिंग साधारण निम्म्याने उतरले, हे मान्य करतो. उरलेल्या निम्म्यासाठी रविवारी मुलीला कॉर्ड बदलायला बसवतो.