मंडळातील पाऊस आणि आमच्या शिवारातील पाऊस वेगळा का?

प्रश्न (औसा तालुका): काल आमच्या शिवारात सोयाबीनमध्ये पाणी साचले, तरी महसूल मंडळाची (अनेक गावांच्या गटाची) नोंद अवघी १२ मिलिमीटर आहे. अंगणातील बादलीत मात्र चार बोटे पाणी होते. खरे कोणते मानावे?

उत्तर १: बादली तळाशी निमुळती असल्याने तिच्यातील उंची नेहमी जास्त भरते, तोंड आणि तळ सारख्या रुंदीचे भांडे घ्यावे. १ मिलिमीटर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर, म्हणजेच एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. भांडे झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावे आणि हवामान विभागाप्रमाणे रोज सकाळी ८.३० वाजता मोजावे.

उत्तर २: दादा, तुमची बादली चुकली असेल, पण तुमची शंका चुकीची नाही. आपल्याकडचा वळवाचा किंवा परतीचा पाऊस एका शिवाराला झोडपतो आणि शेजारच्या गावाला कोरडे ठेवतो, तर महसूल मंडळातील एक केंद्र अनेक गावांसाठी बोलते. अतिवृष्टीच्या मदतीसाठी २४ तासांत ६५ मिलिमीटरची अट त्याच नोंदीवर पाहिली जाते, म्हणून या फरकाचा फटका थेट शेतकऱ्याला बसतो, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नुकसानीची छायाचित्रे आजच काढून ठेवतो आणि उद्यापासून सरळ भांड्यात मोजतो.